मोरचूदवाला हेमराज

आष्टीच्या आसपास संत्र्याची बाग दिसली आणि तिच्या खोडांना कमरेपर्यंत निळसर पांढरा पट्टा दिसला, तर तो पट्टा बहुधा हेमराज कुमरेच्या हातचा असतो. माझं आष्टीत कृषी केंद्र आहे. मोरचूद, चुना, फवाऱ्याचे नोझल, बियाणं, असलं सगळं मी विकतो. हेमराज तसा माझं गिऱ्हाईक नव्हे, माल बागमालकाच्या नावावर जायचा. पण कोणतं पोतं उचलायचं ते हेमराज ठरवायचा. निळे खडे तळहातावर घ्यायचा, उजेडात धरायचा आणि म्हणायचा, "मधुकरराव, हे ओलं हाये. दुसरं काढा."

पोतं ओलं नसायचं. मला राग यायचा, आणि तरी मी मुकाट्याने दुसरं काढायचो, कारण हेमराज नाही म्हणाला की मालकही नाही म्हणत.

मोरचूद म्हणजे तांब्याचाच एक खडा. तो पाण्यात विरघळवून त्यात चुना कालवला की जो लेप होतो, तो पावसाळ्याआधी आणि नंतर संत्र्याच्या खोडाला लावतात. मग डिंक्या रोग खोडाला धरत नाही. गोम चुन्यात आहे. चुना कमी पडला तर तांबं मोकळं राहतं आणि झाडाची साल जाळतं. ते ओळखायचं कसं, तर घासून चकचकीत केलेला विळा त्या लेपात थोडा वेळ बुडवायचा. पात्यावर लालसर थर चढला की समजायचं, तांबं अजून मोकळं आहे, चुना घाला. पातं जसंच्या तसं निघालं की लेप तयार. कृषी खात्याच्या पत्रकांतही हे छापलेलं असतं. हेमराजला वाचायला फारसं येत नव्हतं, पण त्याचा विळा कधी चुकला नाही. त्याने लेप लावलेल्या बागेत साल जळाली असं मी तरी ऐकलेलं नाही.

हेमराज गोंड. गावाबाहेरच्या वस्तीवर घर, बाप जंगलखात्याच्या कामावर रोजाने जायचा. घरात बायको रामबाईशी तो गोंडी बोलायचा, बाहेर आमच्यासारखीच वऱ्हाडी. ज्या मालकांच्या ओसरीवर त्याचा बाप खाली बसायचा, ते आता हेमराज दिसला की खुर्ची पुढे सरकवून विचारायचे, "हेमराज, यंदा बाग धरन का रे?" तो लगेच उत्तर द्यायचा नाही. झाडाभोवती फिरायचा, साल नखाने खरवडून पाहायचा, मग बोलायचा. गावात आपल्या शब्दाला वजन आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याहून प्रिय असं त्याला काही होतं असं मला वाटत नाही. फटफटी घ्यायचं कधी मनात आलं नाही त्याच्या, पण कोणी "हेमराजला विचारा" म्हणालं की त्याची मान जरा ताठ व्हायची.

आणि तो खर्रा खायचा. आमच्या भागाबाहेर हे सांगावं लागतं म्हणून सांगतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन तळहाताने दाबून दाबून घोटतात, त्याला खर्रा म्हणतात. इथे मजुराला कामावर बोलवायचं तर रोजाबरोबर खर्रा ठरतो. पाहुणा आला तर चहाच्या आधी खर्रा. त्याच्यावर बंदी आहे असं मी पेपरात वाचलं आहे, माझ्या दुकानाला लागून असलेल्या निकेशच्या ठेल्यावर मात्र ती बातमी पोचलेली नाही. मी खात नाही. माझ्या पोटाला चालत नाही, एवढंच. त्यावरून माझी टिंगल होते, होऊ दे.

हेमराजचं तोंड कधीपासून आवळायला लागलं ते त्यालाही सांगता येत नव्हतं. आधी तिखट सोसेनासं झालं. रामबाई त्याच्यापुरतं वरण आधी काढून ठेवायची आणि मग फोडणीत मिरची टाकायची. मग भाकरीचा घास मोठा व्हायला लागला. तो भाकर वरणात कुस्करून, जवळजवळ पिऊनच टाकायचा. दुखत काही नव्हतं. जांभई देताना हात तोंडावर धरायचा, लोकांना वाटायचं माणूस सभ्य आहे.

तीन वर्षांपूर्वी वर्ध्याकडच्या एका कॉलेजातले दातांचे डॉक्टर आष्टीत शिबिर घ्यायला आले. बाजाराचा दिवस होता. महादेवराव, ज्यांच्या बागेत हेमराज सगळ्यात जास्त काम करायचा, त्यांनी त्याला ओढतच नेलं. स्वतः मात्र बाहेर उभे राहिले. खर्रा दोघेही सारखाच खायचे. आचल नावाची तरुण डॉक्टर होती, वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेची. तिने हेमराजला तोंड उघडायला सांगितलं, आपली बोटं उभी धरून माप घेतलं, बॅटरी मारून गाल पाहिले. गाल आतून पांढुरके, कडक झाले होते.

"काका, सुपारी बंद करा," ती म्हणाली. "नुसत्या तंबाखूचा प्रश्न नाही. सुपारीत तांबं असतं. तुम्ही चघळता तेव्हा ते थुंकीत उतरतं आणि गालात मुरतं. गालाच्या आत बारीक धागे असतात, ते तांब्यामुळे जाड आणि चिवट होतात असं आढळलंय. म्हणून तोंड उघडत नाही. एकदा आवळलेलं तोंड पुन्हा पूर्ण मोकळं होत नाही. आणि अशा गालात पुढे काहींना कॅन्सर होतो. तुम्ही वर्ध्याला या, एक तुकडा काढून तपासू."

तिने इतकं सगळं नीट, हळू, समजेल अशा भाषेत सांगितलं. हेमराजने त्यातलं एकच उचललं. तांबं.

तो माझ्या दुकानात आला तेव्हा खूश होता. मी त्याला इतका खूश क्वचितच पाहिला असेल. "मधुकरराव, मले वाटलं काय मोठा रोग हाये," तो म्हणाला. "तांबं हाये म्हणते ते पोरगी. तांब्याचं तं मले सांगू नोका कोनी."

त्याचा हिशोब असा. सुपारीत तांबं आहे, म्हणून गाल जळतो. झाडाची सालही अशीच जळते. सालीवर उपाय काय, चुना. खर्र्यात चुना असतोच, पण कमी पडत असणार. वाढवा. डॉक्टरीणबाई शहरातली, तिला चुन्याचं काय ठाऊक!

आणि नुसतं बोलून थांबेल तर तो हेमराज कसला. त्याने निकेशकडून सुपारी आणली, माझ्याच काउंटरवर काचेच्या ग्लासात भिजवली, त्यात नेहमीच्या दुप्पट चुना कालवला आणि दाढीचं नवंकोरं ब्लेड आत सोडलं. ग्लास दिवसभर माझ्या वजनकाट्याशेजारी पडून होता. गिऱ्हाइकं विचारायची, मी सांगत बसायचो. संध्याकाळी दुकानासमोर चांगली गर्दी झाली. महादेवराव होते, निकेश ठेला सोडून आला होता. हेमराजने ब्लेड चिमटीत धरून काढलं, धोतराला पुसलं आणि सगळ्यांपुढे फिरवलं. चकचकीत.

"लाल हाये का कुठी? पाहा. मेलं तांबं."

मी म्हटलं, "अरे, बिनचुन्याच्या सुपारीतही एक ब्लेड टाकून पाहा ना. तेही लाल नाही झालं तर?"

"जिथी चुनाच नाई, तिथी काय पाह्याचं?" हेमराज म्हणाला, आणि सगळे हसले. माझ्यावर. महादेवरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "हेमराज, तू तं डाक्टर झाला असता लेका."

दुसऱ्या दिवसापासून निकेशच्या ठेल्यावर डबल चुन्याचा खर्रा मिळायला लागला. लोक मागायचे, "हेमराजचा दे." तोंड भाजायचं, डोळ्यांत पाणी यायचं, पण हेमराज सांगायचा, "लागून राह्यला म्हणजे तांब्याले मारून राह्यला." बागांमध्ये ज्याचा विळा चुकला नाही त्याचं ब्लेड कसं चुकेल? कोण त्याच्याशी वाद घालणार! ज्या पोरीने खरं सांगितलं ती दात पाहून बसने निघून गेली होती. महादेवरावांनी मुंबईच्या पाहुण्यांनाही ही परीक्षा सांगितली. त्यांना ती फार शास्त्रीय वाटली.

दोन पावसाळे गेले. हेमराजच्या डाव्या गालात, दाढेच्या मागे, एक चीर पडली. ती भरेना. मग तिथे गाठ लागायला लागली, जिभेला टोचायची. तेव्हाही तो चुनाच लावत होता, बोटाने, थेट गाठीवर. रामबाईने शेवटी माझ्याकडे येऊन सांगितलं, "भाऊ, ह्यायले वर्ध्याले घेऊन चला. माह्यं ऐकत नाई." मी माल आणायला वर्ध्याला जाणारच होतो. हेमराज गाडीत बसला, कारण मी त्याला सांगितलं की नव्या कंपनीचा मोरचूद पाहायचा आहे. तळेगाव गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की मी त्याला दवाखान्यात नेतोय. तो खिडकीबाहेरच्या बागा पाहत राहिला.

तुकडा काढला, तपासला. कॅन्सर निघाला. डाव्या बाजूचा जबडा, गाल आणि जिभेचा काही भाग काढावा लागणार होता, आणि नंतर शेक, म्हणजे किरणांचे उपचार. निकाल ऐकायला रामबाईही सोबत आली होती, आणि सांगायला आचल डॉक्टरच होती. तिला हा माणूस आठवत होता.

हेमराजने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तांब्यानं झालं ना? मंग तांबं काढाचं औषध द्या. कापता काऊन?"

मला वाटलं ती उडवून लावेल. तिने खुर्ची जवळ घेतली. "तांब्यानेच झालं असं नाही काका. तंबाखू आहे, सुपारीतलं आणखी बरंच काही आहे, तांबं त्यातलं एक. पण तुमचा प्रश्न बरोबर आहे. गाठीला वाढायला, स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या करायला तांबं लागतं. शरीरातलं तांबं बांधून बाहेर काढणारी औषधं आहेत. ती देऊन गाठ उपाशी ठेवता येईल का, हे डॉक्टर पाहतायत. काही जण नेमकं उलटं करतात. गाठीच्या पेशीत इतकं तांबं भरायचं की ती त्यानेच मरावी. दोन्हींवर अभ्यास चालू आहे. पण तुमच्या गाठीवर आज मी त्याचा भरवसा देऊ शकत नाही. कापण्याचा देऊ शकते, तोही पूर्ण नाही."

"म्हणजे सगळं तांबं वाईट नाई."

"नाही. शरीराला ते लागतंच. थोडं."

"झाडाचंबी असंच हाये," हेमराज म्हणाला. मग त्याने खालच्या आवाजात विचारलं, "मंग माह्यं ब्लेड काऊन लाल नाई झालं?"

तिला काही कळेना. मी ब्लेडची हकीकत सांगितली. ती हसली नाही, याबद्दल मी तिचा अजून आभारी आहे. ती म्हणाली, "मोरचूद म्हणजे तांब्याचाच खडा. सुपारीत असतं ते अगदी थोडं, ब्लेडवर कधी दिसायचंच नाही. चुना घाला नाहीतर नका घालू. पण गालाला ते वर्षानुवर्षं, रोज मिळत राहतं. आणि चुना तोंडात तांबं मारत नाही काका. तो गालाची कातडी सोलतो. मग जे आत जायला नको ते सोपं आत जातं."

हेमराज आपल्या हातांकडे पाहत बसला. नखांच्या कडा कायमच्या निळ्या झालेल्या. मला त्या क्षणी त्याचा भयंकर राग आला होता, आणि रडूही आलं होतं. दोन्ही मी गिळलं. रामबाई भिंतीला टेकून उभी होती.

"निकेशच्या ठेल्यावर समदे तसाच खाऊन राह्यले," तो म्हणाला. "मालकबी. म्या सांगतलं म्हणून. मी जातो, सांगून येतो, मंग कापा."

डॉक्टर म्हणाली, आधी भरती व्हा, गाठ थांबणार नाही. रामबाईने त्याचा दंड धरला आणि गोंडीत काहीतरी बोलली. तो थांबला. मला म्हणाला, "मधुकरराव, तुमी सांगजा."

मी सांगितलं. आष्टीला आल्याबरोबर ठेल्यावर जाऊन, डॉक्टरचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. निकेश पन्नी घोटत होता, त्याने हात थांबवला नाही. "मधुकरराव, तुमी तं पहिल्यापासूनच खर्र्याच्या मांगं लागले हाये," तो म्हणाला. "हेमराजदादा येऊ द्या. त्यानं सांगतलं तं पाहू." महादेवरावांनी तर मलाच समजावलं की हेमराजला दाढेमुळे झालं असेल, दाढ टोकदार असली की होतं. त्यांच्या बोलण्यात आता मोठे शब्द यायचे नाहीत. ओठ फार हलवावे लागणार नाहीत असेच शब्द ते निवडायचे. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

ऑपरेशन झालं. छातीची कातडी घेऊन गाल शिवला. मग शेक झाले, गळा आतून सोलवटला, नाकातल्या नळीवर दिवस काढले. हेमराज घरी आला तेव्हा निम्मा झाला होता. वाचेल की नाही ते डॉक्टर अजूनही ठामपणे सांगत नाहीत. तपासणीला बोलावतात, तो जातो. बोलणं मात्र गेल्यात जमा झालं. उरलेल्या जिभेने जे शब्द निघतात ते लाळेत मिसळून येतात, कोणाला कळत नाहीत. मला कळत नाहीत. त्याने मराठी सोडूनच दिली होती, रामबाईशी गोंडीत बोलायचा आणि तिला सगळं समजायचं.

घरी आल्यावर त्याला एकच ध्यास होता. ठेल्यावर जायचं. रामबाई टाळत होती. अंगात त्राण नव्हतं हे एक, आणि लोक तोंड पाहतील हे दुसरं. शेवटी एका बाजाराच्या दिवशी मी दुकान उघडलं तर दोघं पायरीवर बसलेले. हेमराजने तोंडाला गमछा बांधला होता. रामबाई नवं लुगडं नेसली होती. या बाईला मी चार माणसांत एक वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. दुकानात आली तरी पैसे काउंटरवर ठेवून वस्तूकडे बोट दाखवायची.

ठेल्यावर गर्दी जमायला वेळ लागला नाही. महादेवराव फटफटीवरून उतरले, निकेशने न मागताच त्यांच्या हातात पुडी ठेवली. हेमराजला पाहून सगळे एकदम बोलायला लागले. कसा आहेस, बरा दिसतोस, असंच. निकेश म्हणाला, "दादा, तुमचा खर्रा अजून तुमच्याच हिशोबानं घोटतो, पाहा."

हेमराजने गमछा सोडला. काही जणांनी मान वळवली. तो बोलायला लागला आणि बराच वेळ बोलत राहिला, हाताने ब्लेड धरल्यासारखं करून, निकेशच्या चुन्याच्या डबीकडे दाखवून. हनुवटीवरून लाळ वाहत होती. ती तो पुसत नव्हता. कोणाला एक अक्षर कळलं नाही. माणसं ओशाळून माना डोलवायला लागली, "व्हय दादा, व्हय," म्हणायला लागली. हे पाहून हेमराजचा चेहरा जसा झाला तसा मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही.

तेव्हा रामबाई पायरीवरून उठली आणि पुरुषांच्या मध्ये येऊन उभी राहिली. पदर डोक्यावरून ओढून घेतला, पण आवाज खणखणीत होता.

"हे म्हणतेत, मी चुकलो. ब्लेडचं खोटं होतं. सुपारीचं तांबं ब्लेडले दिसत नाई. चुन्यानं ते मरत नाई, गाल मरते. म्या तुमाले सांगतलं ते चुकीचं सांगतलं. माह्यं नाव घेऊन खाऊ नोका. खाऊच नोका." ती थांबली, नवऱ्याकडे पाहिलं. त्याने आणखी काही सांगितलं. "म्हणतेत, झाडाचं मले समजत होतं. मानसाचं नाई."

निकेशचा हात पन्नीवर तसाच राहिला होता.

महादेवरावांनी पुडी अजून सोडली नव्हती. ते हेमराजच्या जवळ गेले. "हेमराज, लई दुखत होतं का रे पहिले?"

हेमराजने उत्तर दिलं. थोडकंच होतं. महादेवरावांनी रामबाईकडे पाहिलं.

"म्हणतेत, काईच दुखत नव्हतं," ती म्हणाली. "भाकर तोंडात जात नव्हती, तितलंच."

महादेवराव फटफटीपाशी गेले. आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि आरसा स्वतःकडे वळवला. त्यांची मान जरा मागे गेली. आरशात मला त्यांचं तोंड दिसत होतं. उघडून उघडून केवढं, तर आत चमचा जाईल इतकं. त्यांनी हनुवटीला हात लावून खाली ओढून पाहिलं. पुन्हा ओढलं.

परत आले तेव्हा पुडी हातात नव्हती. हेमराजकडे त्यांनी पाहिलं नाही. ते रामबाईला म्हणाले, "बाई, तुमची वर्ध्याची पुढची तारीख कधी हाये?"